घरची गाडी असताना

माझे अंबडचे घरमालक किती काळजीवाहू होते हे मी अजूनही लोकांना सांगते. ऐकणाऱ्याला वाटतं, बाई कौतुक करतेय. मी कौतुक करत नाही. त्या माणसानं अठरा-वीस वर्षं एका वस्तूची जेवढी निगा राखली तेवढी चांगल्या दवाखान्यात कुणी कुणाची राखत नसेल, आणि त्या निगेचा या जगात कुणालाही काडीचा उपयोग झाला नाही. खुद्द त्या वस्तूलाही नाही. वस्तू म्हणजे मोटारीची बॅटरी. एक नव्हे, दोन.

मी तेव्हा अंबडच्या कोर्टात टंकलेखिका म्हणून नुकतीच लागले होते. घर जालन्याला, पण रोज जाऊन-येऊन जमेना, म्हणून आईनं माझ्यासाठी खोली बघितली. पुढं जोडपं, मागं खोली, मध्ये अंगण आणि अंगणात पत्र्याची मोठी शेड. आईनं विचारलं, शेडमध्ये काय आहे? मालक म्हणाले, "आमची गाडी हाय. भारत फिरायला घेतली." आईला वाटलं, हौशी माणसं दिसतात, मुलीला इथं ठेवायला हरकत नाही. मी त्या घरात अकरा वर्षं राहिले. गाडीचं चाक एक वीतभर हललेलं मी पाहिलं नाही.

मालकांची शेती वाटूरकडे होती, ती बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, लावलेली. अंबडला ते नुसते राहत. त्यांना काम असं काही नव्हतं. मूलबाळ नव्हतं. ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमारास कुठल्याशा सरकारी खात्याच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या, त्यातली एक त्यांनी घेतली. गावोगाव जाऊन पडदा बांधून कुटुंबनियोजनाचे सिनेमे दाखवणारी ती गाडी. मालकांनी सुतार लावून आत दोन पलंग करून घेतले, पत्र्याची मोरी बसवली, स्टोव्हसाठी कप्पा केला, छताला छोटा पंखा आणि दोन दिवे लावले. एक बॅटरी इंजिनासाठी, दुसरी या आतल्या संसारासाठी. बाहेरून हिरवा रंग दिला. पण रंग पातळ निघाला आणि खालचा कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण वर्षा-दोन वर्षांत पुन्हा दिसू लागला. काकूंना, म्हणजे मालकीणबाईंना, अंगणात झाडायला गेलं की रोज तो त्रिकोण समोर. मालकांच्या हे कधी ध्यानात आलं नाही. त्यांचं लक्ष बॅटरीवर होतं.

गाडी उभी ठेवायची तर बॅटरी कशी ठेवायची, हे मला आजही झोपेतून उठवून विचारा. आधी अर्थिंगची वायर काढायची, मग दुसरी; उलटं केलं तर ठिणगी उडते. बॅटरी गाडीत ठेवायची नाही, घरात आणायची. सिमेंटच्या फरशीवर ठेवायची नाही, लाकडी फळीवर ठेवायची. टर्मिनलवर पांढरं-हिरवं पीठ चढतं ते सोड्याच्या गरम पाण्यानं धुवायचं, पुसायचं, वर व्हॅसलीन. प्रत्येक कप्प्याचं बूच उघडून आतलं पाणी प्लेटांच्या वर आहे का बघायचं, कमी असलं तर डिस्टिल वॉटर, नळाचं नाही. महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज. मग हायड्रोमीटर, म्हणजे काचेची पिचकारी, तिच्यात तरंगणारी आणखी एक काचेची नळी. तिनं पाणी ओढून आकडा वाचायचा. बाराशे साठ आला की मालकांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे ते मी त्यांच्या लग्नाच्या फोटोतही पाहिलं नाही. आकडा शेडच्या भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं लिहिला जाई, तारखेसकट.

यातलं काहीही चुकीचं नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. पद्धत बिनचूक होती. माणूस चुकीचा होता.

चार्जिंगचा दिवस अमावास्येचा. दोन्ही बॅटऱ्या देवघराच्या खोलीत असत, कारण घरातली तेवढीच खोली कोरडी. चार्ज होताना बॅटरीतून वायू निघतो, जवळ दिवा-काडी चालत नाही. म्हणून त्या दिवशी देवाजवळ दिवा लागायचा नाही. काकू सकाळी आंघोळ करून, हात जोडून, तशाच अंधाऱ्या देवासमोरून परत यायच्या. "आज करंटचा उपास हाय," असं मला सांगायच्या. मालकांच्या प्रत्येक सदऱ्याला ॲसिडची भोकं पडलेली असत, तीही काकूच रफू करायच्या.

एकदा काकूंना सपाटून ताप आला. मी कोर्टातून आले तर त्या पांघरुणात कुडकुडत होत्या. मी थर्मामीटर मागितला. काकू म्हणाल्या, "घरात न्हाई. यांनी कपाळाला हात लावून बघितलं, म्हणले, जास्त न्हाई वाटत." मग म्हणाल्या, "बॅटरीला कधी हात लावून बघितलं का यांनी?" घरात हायड्रोमीटर तीन होते. एक वापरातला, एक फुटला तर, आणि एक प्रवासात न्यायला.

प्रवास! शेडमध्ये भारताचा नकाशा टांगलेला होता. त्यावर पेन्सिलीनं रेघ ओढली होती, अंबडपासून रामेश्वरापर्यंत, मुक्कामाच्या गावांना गोल. ओळखीचं कुणी आलं की मालक त्याला शेडमध्ये नेत, पलंगावर बसवत, बॅटरी जोडत, पाच मिनिटं पंखा लावत आणि नकाशा समजावून सांगत. पाच मिनिटं झाली की पंखा बंद. "उतरती," असं म्हणत. उन्हाळ्यात दुपारी-दुपारी चार-चार तास लाईट जायची. मी आणि काकू ओल्या टॉवेलनं वारा घेत ओसरीत पडून असायचो आणि वीस पावलांवर शेडमध्ये एक धडधाकट पंखा आणि देवघरात भरलेली बॅटरी नुसती पडून असायची. एकदा मी न राहवून म्हटलं, तासभर लावा की. मालकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांची किडनी मागितली.

गल्लीतले निवृत्त गुरुजी चारधाम करून आले. सगळी गल्ली पाया पडायला गेली, मालकही गेले. गुरुजी बर्फाचं, दरडींचं, गर्दीचं सांगत होते. मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "मुक्कामाच्या ठिकाणी करंट कसा व्हता? चार्जर चालंल इतका?" गुरुजी म्हणाले, "अहो, मी देव बघायला गेल्तो." घरी येताना मालक मला म्हणाले, "अर्धवट माहिती घेऊन येतेत लोक. काय फिरले मंग?"

स्वतः मात्र ते कधी निघाले नाहीत, आणि त्याचं कारण विचारलं तर ते उत्तरात कधी अडले नाहीत. पावसाळ्यात निघायचं नाही, हवेत ओल असते, टर्मिनल खराब होतात. उन्हाळ्यात निघायचं नाही, बॅटरीतलं पाणी आटतं. हिवाळ्यात सकाळी इंजिन थंड असतं, सेल्फ मारताना बॅटरीवर जोर येतो. "मंग कधी निघायचं?" असं काकूंनी माझ्यासमोर विचारलं होतं. मालक म्हणाले, "गाडी तयार हाय ना? कवाबी निघता येतं. तयारी महत्त्वाची." एरवी बायका अशा उत्तरावर भांडं आपटतात. काकूंनी मान डोलावली. मला तेव्हा त्यांचाही राग आला.

बसस्टँडजवळ एका चाचांचं बॅटरीचं दुकान होतं. डिस्टिल वॉटर तिथूनच यायचं. चाचा स्पष्ट बोलणारा माणूस. दर वेळी मालकांना सांगायचे, "मालक, बॅटरी को काम होना. ऐसा बिठा के नको रखो. महिने में एक बार गाडी चालू करो, दो मील फिरा के लाव. इंजिन भी अच्छा, बॅटरी भी खुश." मालक हसून म्हणायचे, "चाचा, सेल्फ मारला की बॅटरी खर्च व्हती. तुमचा धंदा बिघडलेल्या बॅटऱ्यांचा, तुम्ही तेच सांगणार. आमची बिघडायची न्हाई." आणि बिघडली तरी काय? चार-पाच वर्षांनी बॅटरी आपल्या वयानं मरतेच. मालकांच्या दोन जोड्या अशा म्हातारपणानं वारल्या. एकाही गाडीला धक्का न देता, एकही रस्ता न बघता गेल्या. मालक हळहळले, नवी जोडी आणली आणि फळ्यावर पहिल्यापासून आकडे लिहू लागले.

दसऱ्याला गाडीची पूजा व्हायची. झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ. चाकाखाली लिंबू ठेवून गाडी पुढं न्यायची आणि लिंबू चिरडायचं, ही रीत सगळीकडे. मालक लिंबू ठेवायचे, पण गाडी पुढं न्यायची तर इंजिन चालू करावं लागणार, म्हणजे बॅटरी खर्च होणार. मग लिंबू तसंच राहायचं, वाळून खडा व्हायचं. पुढच्या वर्षी त्याच्या शेजारी नवं. मी पहिल्या वर्षी विचारलं तर म्हणाले, "ठेवणं महत्त्वाचं." मी हसले होते. पण खरं सांगायचं तर पुढं पुढं मलाही या सगळ्याची गोडी लागली. पिचकारी हातात धरून आकडा वाचायचा मान मला मिळू लागला, "बाईंची नजर बराबर हाय," असं मालक चारचौघांत म्हणू लागले, आणि मी मूर्खासारखी खूश होऊ लागले. त्या घरात राहिलं की असं व्हायचं.

आता त्यांचं ते वाक्य सांगते, ज्याच्यासाठी मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. "घरची गाडी असताना एस्टीनं कामून जायचं?"

हे वाक्य ते रागावून बोलत नसत. उलट प्रेमानं, समजावणीच्या सुरात बोलत. गाडी आल्यापासून त्यांनी एस्टीत पाऊल ठेवलं नव्हतं आणि काकूंनाही ठेवू दिलं नव्हतं. घरात गाडी असलेल्या माणसानं स्टँडवर पिशवी घेऊन उभं राहणं त्यांना कमीपणाचं वाटे. त्याचा अर्थ असा झाला की ज्या घरात गाडी नव्हती त्या घरातली माणसं लग्नाला, मौतीला, जत्रेला जाऊन येत होती आणि ज्या घरात गाडी होती त्या घरातली दोन माणसं अंबडच्या वेशीबाहेर पडत नव्हती. वाटूरचा बटईदार धान्य घेऊन स्वतःच यायचा.

काकूंचं माहेर पिंपळगाव रेणुकाई. अंबडहून जालना, तिथून भोकरदनवरून पिंपळगाव, अर्ध्या दिवसाचा रस्ता. तिथं त्यांची म्हातारी आई भावाजवळ राहायची. मी आले तेव्हा काकूंनी आईला बघून चार वर्षं झाली होती. मग सहा झाली, मग नऊ. आईचे निरोप यायचे, कधी कोर्टात तारखेला आलेल्या गाववाल्याबरोबर, कधी पत्रातून. गुडघे धरलेत, दिसत नाही, एकदा येऊन जा. काकू पत्र वाचून दाखवायच्या. मालक म्हणायचे, "जाऊ ना. रामेश्वराला निघालो की पहिला मुक्काम पिंपळगावलाच. आईच्या दारात गाडी उभी करू. समद्या गावानं बघितलं पायजे." रामेश्वर दक्षिणेला आणि पिंपळगाव उत्तरेला, हे नकाशावर दिसत होतं. पण काकूंच्या डोळ्यांत ते ऐकून जी चमक यायची ती बघून मी बोलत नसे. त्यांनी आईला उलट टपाली कळवून टाकलं होतं, आता घरच्या गाडीनंच येऊ. एकदा मी म्हटलं, काकू, रविवारी माझ्याबरोबर चला, रात्रीपर्यंत परत येऊ. त्या म्हणाल्या, "हे म्हणतेत, दिवाळीनंतर नक्की. इतकी वर्सं थांबले, आता एवढ्यासाठी कामून मन दुखवायचं?" मी पुन्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

माझी बदली झाल्यावर अंबड सुटलं. पुढं दोन हजार सालानंतर कधीतरी कळलं की मालक गेले. गाडी भंगारवाल्यानं शेडमध्येच तुकडे करून नेली, कारण बाहेर ओढायला ती एकसंध राहिलेली नव्हती. तिसरी की चौथी जोडी होती, ती चाचांनी नेली आणि त्यातली एक एका जीपला बसवली. दुसऱ्या दिवसापासून ती बॅटरी कामाला लागली. लोक म्हणाले, मालक जाताना शांत गेले. जाणारच. त्यांनी आयुष्यात काही खर्चच केलं नव्हतं. पण माझ्या डोळ्यांसमोर ते येतात ते तसे नव्हेत. ते येतात एका रविवारच्या सकाळी, ड्रायव्हरच्या जागेवर बसलेले.

त्या रविवारी सकाळी सात-साडेसातला समोरच्या किराणा दुकानातल्या फोनवर काकूंच्या भावाचा फोन आला. काकू धावत गेल्या, मी मागोमाग. भाऊ इतका मोठ्यानं बोलत होता की मलाही ऐकू येत होतं. "आईचं लई खालीवर हाय. रातीपासून तुझंच नाव घेऊन राह्यली. तोंड बघायचं आसंल तं आजच ये." काकूंनी फोन ठेवला आणि पदर तोंडाला लावला. घरी येऊन पाच मिनिटांत पिशवी भरली. एक मऊ लुगडं आईसाठी, आणि आईला दात नाहीत म्हणून दुधात कालवायला रव्याचा सांजा, डब्यात. जालन्याला जायला एस्ट्या भरपूर असतात, पण जालन्याहून पिंपळगावची थेट गाडी दिवसाला एकच, अकराची. आठची एस्टी धरली तर ती आरामात मिळणार होती. मी चप्पल घातली, म्हटलं, मीही येते.

तेवढ्यात मालक आंघोळ करून, कपाळाला गंध लावून बाहेर आले आणि म्हणाले, "आज गाडी काढायची."

मला वाटलं, काकू नाही म्हणतील. काकूंनी पिशवी खाली ठेवली. त्यांचा चेहरा इतका उजळला की मला बघवेना. बारा वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते वाक्य त्या दिवशी आलं होतं. "खरंच?" त्यांनी विचारलं. "मंग? अशा वक्ताला घरची गाडी कामाला न्हाई यायची तं कवा यायची? बाई, तुम्ही बी चला. तासात निघू." काकू आत गेल्या, साडी बदलून ठेवणीतली नेसून आल्या आणि गाडीत चढून मागच्या पलंगावर जाऊन बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन. आणि मी? मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. शिकलेली, नोकरी करणारी बाई. मला वाटलं, बॅटरी तर कालच बाराशे साठ होती.

मालकांनी काम सुरू केलं. घाई नाही, गडबड नाही. पहिली बॅटरी उचलून आणली. सहाच्या सहा बुचं उघडून आकडे बघितले. बुचं लावली. टर्मिनल सोड्याच्या पाण्यानं धुतले, फडक्यानं कोरडे केले, व्हॅसलीन लावलं. मग वायरी घासल्या. मग दुसरी बॅटरी, पुन्हा तेच. आठ वाजून गेले. मी म्हटलं, मालक, नुसतं जोडलं तर नाही का चालणार? ते म्हणाले, "बाई, घाईत वायर ढिली ऱ्हायली आन् रस्त्यात बंद पडली मंग?" साडेनऊ झाले. काकूंच्या मांडीवरच्या डब्यातून सांज्याचा वास येत होता. "आईला वेलदोडा आवडतो," एवढंच त्या मधे एकदा बोलल्या.

दहाच्या सुमाराला मालक चालवायला बसले. किल्ली फिरवली. हेडलाईट लागले, भर उन्हात, भिंतीवर दोन पिवळे गोल. आमच्या डोक्यावरचा पंखा गरगर फिरू लागला. त्यांनी हॉर्न दाबला. असा खणखणीत हॉर्न अंबडच्या स्टँडवर कुठल्या एस्टीला नव्हता. गल्ली जमा झाली. पोरं शेडमध्ये घुसली. मालकांनी मागं वळून काकूंकडे बघितलं, आणि सेल्फ मारला.

घर्र-घर्र-घर्र. इंजिन जोरात फिरलं, पण लागलं नाही. पुन्हा मारला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मारला. मग त्यांनी हात काढून घेतला. ते वळले तेव्हा त्यांचा चेहरा, मी देवाची शपथ घेऊन सांगते, आनंदानं फुलला होता.

"ऐकलं का? काय जोर हाय! बॅटरीचा बिलकुल दोष न्हाई!"

कुणीतरी चाचांना बोलावून आणलं. चाचांनी टाकीचं झाकण उघडून आत काडी घातली, बाहेर काढली, वास घेतला. "मालक, टाकी में डिझेल नहीं, गोंद हुआ है. और वो टायर देखो." आम्ही खाली उतरून बघितलं. डाव्या बाजूचे दोन्ही टायर भेगाळून रिमवर बसले होते, वाळक्या लिंबांच्या ओळीशेजारी. ब्रेकच्या नळ्या उंदरांनी कुरतडल्या होत्या. बारा वर्षांत त्या गाडीच्या बाकी कुठल्याही भागाकडे कुणी बघितलेलं नव्हतं. मालकांनाही ते नवीनच होतं, पण त्यांचं मन तिकडे नव्हतं. ते जमलेल्या प्रत्येकाला सांगत होते, "बाकी काय का आसंना, बॅटरीचा दोष न्हाई. तुम्ही आवाज ऐकला ना?" लोक "हो, हो" म्हणत होते. काही जण हसत होते.

"दोन दिवसांत करून घेऊ," ते काकूंना म्हणाले, आणि पाना घेऊन बॅटरीच्या वायरी सोडायला लागले. आधी अर्थिंगची.

साडेदहा होऊन गेले होते. अकराची गाडी आता काही केल्या मिळणार नव्हती. काकू गाडीच्या दाराशी पिशवी धरून उभ्या होत्या. चाचा हळूच म्हणाले, "भाभी, भोकरदन तक बहुत गाडियां हैं. वहां से जो मिले. तुम जाव, जल्दी जाव." काकू चार पावलं पुढं आल्या.

"मी चालले एस्टीनं."

मालक पाना हातात घेऊन वळले. "घरची गाडी असताना? लोक काय म्हणतील?"

"लोक एस्टीनंच जाऊन राह्यलेत," काकू म्हणाल्या. "तुम्ही येता का?"

मालकांनी काकूंकडे बघितलं, बॅटरीकडे बघितलं. म्हणाले, "तीनदा सेल्फ मारला, उतरली आसंल. आजच्या आज चार्जला लावावी लागंल. तू हो पुढं."

सासू मरायला टेकली होती आणि हा माणूस बॅटरी भरायला मागं राहिला. आम्ही स्टँडकडे अक्षरशः पळालो.

जालन्याला पिंपळगावची गाडी गेलेली होती. भोकरदनची भरून आलेली मिळाली, उभ्यानं गेलो. भोकरदनला दीड तास बसलो. तिथं काकू मला पहिल्यांदाच म्हणाल्या, "मी न्हाई म्हणायला पायजे व्हतं सकाळी." मी म्हटलं, मीसुद्धा. मग पिंपळगावची एक खडखडती एस्टी आली. खिडकीशी बसून काकू बाहेर बघत होत्या. ओळखीची शेतं येऊ लागली तशा ओठातल्या ओठात नावं घेत होत्या, ही अमक्याची विहीर, हा तमक्याचा मळा. कुठं कुठं चुकत होत्या, कारण झाडं वाढली होती, घरं वाढली होती. मला सारखं वाटत होतं, आपण पोचायच्या आत व्हायचं ते होऊन गेलेलं असणार, आणि ते कोण सांगणार या बाईला.

ऊन कललं होतं तेव्हा उतरलो. काकूंच्या भावाचं घर रस्त्यालाच. दारात बायका बसलेल्या बघून काकूंचा हात माझ्या मनगटावर आवळला. पण रडणं नव्हतं. भाऊ पुढं आला, म्हणाला, "हाय अजून. ये."

म्हातारी दाराजवळच्या बाजेवर होती, हाडांवर नुसती कातडी. काकू तिच्या उशाशी बसल्या, तोंडावरून हात फिरवू लागल्या. "आई, मी आले." म्हातारीनं डोळे उघडले. दिसत तिला नव्हतंच; तिनं काकूंच्या हातावरून, बांगड्यांवरून, दंडावरून बोटं फिरवली आणि ओळखलं. बराच वेळ तो हात तिनं धरून ठेवला. बाहेर आमची एस्टी वळून परत निघाली होती, तिचा आवाज घरात येत होता.

"कशानं आलीस?" म्हातारीनं विचारलं.

काकूंनी एकदा माझ्याकडे बघितलं. "एस्टीनं," त्या म्हणाल्या.

म्हातारी आवाज दूर जाईपर्यंत ऐकत राहिली.

"एस्टी तं रोजच येती, माय," ती म्हणाली. "इथंच, दारात थांबती."